काटेशिवणीचं वळण

"रस्ता सरळ होता, मॅडम."

मानसिंग गरडने हे तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा सबिहा नदाफने हातातलं पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

पस्तिशीचा गडी. कपाळावर टाके, डावा हात गळ्यात. राहणारा बार्शीचा, स्वतःच्या जीपमधून शिक्षकांची ने-आण करायचा. नऊ दिवसांपूर्वी सकाळी सव्वासातच्या सुमाराला, बार्शीहून सोलापूरकडे येताना, काटेशिवणी गावाजवळच्या वळणावर त्याची जीप वळलीच नाही. नाकासमोर गेली आणि जुन्या मोडक्या पुलावरून ओढ्यात कोसळली. मागे बसलेले दोन शिक्षक जागच्या जागी गेले. मानसिंग वाचला, आणि पोलिसांनी त्याला तपासणीसाठी सबिहाकडे पाठवलं.

"तिथं वळण आहे, मानसिंगराव," ती म्हणाली. "डावीकडे. बोर्डसुद्धा आहे."

"आहे की. मी कुठं नाही म्हणतोय? दुपारचा गेलोय ना मी त्या रस्त्यानं. त्या दिवशी शाळेत तपासणी होती म्हणून लवकर निघालो." त्याचा आवाज खाली आला. "मी ब्रेकसुद्धा मारला नाही, मॅडम. कशाला मारीन? समोर रस्ता होता."

सात रस्ता चौकाजवळच्या आपल्या दोन खोल्यांत सबिहा चोवीस वर्षं वाहनचालक तपासत होती. रस्त्यावर माणसाचं मन कसं चालतं, कुठे थकतं, कुठे फसतं, हा तिचा अभ्यासाचा विषय. सोलापुरात हा विषय शिकलेली ती एकटीच, त्यामुळे पोलीस, कारखाने, बसमालक, सगळे तिच्याकडेच माणसं पाठवायचे. आतल्या खोलीत लाल-हिरव्या दिव्यांचं यंत्र होतं. लाल लागला की पाय दाबायचा, किती क्षण लागले ते यंत्र सांगायचं. चालक तिला डोक्याची डॉक्टर म्हणत आणि टरकून असत, कारण तिच्या एका कागदावर परवाना राहायचा किंवा जायचा.

या विषयात ती शिरली ती अब्बांमुळे. महबूब नदाफ ट्रक चालवायचे. ती चौदा वर्षांची असताना कुर्डुवाडीच्या अलीकडे त्यांचा ट्रक उभ्या ट्रॅक्टरवर आदळला. घरी आलेलं प्रत्येक माणूस नशीब, नशीब म्हणत होतं. अब्बा दोन रात्री झोपले नव्हते हे अम्मीला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. त्या दिवसापासून नशीब हा शब्द तिला सोसेना. माणूस झोपेने मरतो, घाईने मरतो, फाजील विश्वासाने मरतो, आणि हे कुणीतरी कागदावर लिहायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं. पुढे स्वतःच्या खोलीच्या भिंतीवर तिने मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: रस्ता चुकत नाही, माणूस चुकतो. चालकांचे वर्ग घेताना ती हे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घ्यायची.

मानसिंगच्या तपासणीचे आकडे तिने पुन्हा पाहिले. नजर उत्तम. प्रतिसाद पंचविशीतल्या पोरासारखा. दारू नाही, गोळी नाही, रात्रभर झोप. दोष लिहायला जागाच नव्हती. आणि तरीही तिला अस्वस्थ करत होतं ते निराळंच. हे वाक्य तिने याआधी ऐकलं होतं. याच खोलीत, याच खुर्चीतून.

मानसिंग गेल्यावर तिने कपाट उघडलं. दीड तासाने फाईल सापडली. शिवपुत्र बिराजदार, वय त्रेचाळीस, एका कारखान्याच्या कामगार-बसवरचा चालक, त्या मार्गावर बदली म्हणून आलेला. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. जागा काटेशिवणी. मृत तीन. खाली तिचंच अक्षर होतं:

'रस्ता सरळ असल्याचं वारंवार सांगतो. प्रत्यक्षात वळण. सांगण्यात विसंगती. सतर्कता कमी. चालकाचा दोष.'

ते 'वारंवार' तिने अधोरेखित केलं होतं.

फाईल मिटून तिने पोलीस चौकीला फोन लावला. तिथल्या हवालदाराने नोंदी चाळल्या आणि सांगितलं की मधल्या वर्षीही तिथे एक अपघात झाला होता. लातूरकडचा ट्रकवाला, गौस नावाचा. तो जागीच गेला, म्हणून तपासणीचा प्रश्न आला नाही. तारीख अठरा जानेवारी. सकाळची वेळ.

तीन वर्षं, तीन जानेवारी, तीन सकाळी. सबिहाने फोन ठेवला आणि तिन्ही नोंदी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी गाडी घेऊन काटेशिवणीला गेली. बाराचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना शाळू पुरुषभर उंच झाला होता. रस्ता रुंद करताना खात्याने इथे जुना मोडका पूल सोडून दिला होता आणि बार्शीकडून येताना डाव्या हाताला, शंभर पावलांवर, नवा बांधला होता. त्यामुळे पांढराफटक सिमेंटचा नवा रस्ता डावीकडे वळून जायचा, आणि जुना डांबरी रस्ता चिंचांच्या दोन रांगांमधून नाकासमोर ओढ्याकडे. विजेचे खांबही जुन्या रस्त्यालाच धरून सरळ गेलेले. जुन्याच्या तोंडावर मुरमाचा ढीग टाकून तो बंद केला होता, पण शेतात ट्रॅक्टर न्यायला लोकांनी ढीग मधोमध फोडला होता. वळण मात्र अर्ध्या मैलावरून दिसत होतं. पिवळ्या बोर्डावर काळा बाण होता. आंधळ्यालाही समजावं असं.

तिने गाडी पुढेमागे करून चारदा वळण घेतलं. काहीच नाही.

पहिल्या चिंचेखाली एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. ती सगळं पाहत होती.

"काय हरवलंय का गं बाई?" तिने विचारलं.

सबिहा तिच्याजवळ जाऊन बसली. म्हातारीचं नाव दगडाबाई. ओढ्याकाठी तिचं एकटीचं खोपट होतं.

"ते तिन्ही अपघात तुम्ही पाहिले का, आजी?"

"बघिटले न्हाईत. ऐकले." म्हातारीने शेळीला हाळी दिली आणि मग म्हणाली, "गाडी पडायची म्हंजी आदी कचकचून ब्रेक लागतो न्हवं? किंचाळती गाडी. हितं तसलं काय न्हाय. गाडी येती, माज्या खोपटावरनं झुईकन् जाती, आन् मंग एकदम खाली धाडकन्. मदी काय बी न्हाय. त्येचंच भ्या वाटतंय मला. मरायला चाललेलं मानूस येवडं निवांत कसं जातंय?"

 ब्रेक नाही म्हणजे सतर्कता कमी, असं तिने अहवालात लिहिलं होतं. ब्रेक नाही म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत सगळं ठीक दिसत होतं, असाही अर्थ होतो, हे तिला सुचलं नव्हतं.

"गावातले लोक काय म्हणतात?"

"गाव काय बी म्हनंल. जुना रस्ता वढतो म्हनत्यात. नारळ फोडून झाले." म्हातारी उठली. "पर तू दुपारची का आलीस? दुपारी हितं काय दिसनार? सकाळी ये. सूर्व्या उगवताना."

परत आल्यावर तिने रस्त्याच्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते गृहस्थ सज्जन होते, ओळखीचे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, वळण नियमाप्रमाणे आहे, बोर्ड नियमाप्रमाणे आहे. आम्ही दोनदा पाहणी केली."

"किती वाजता?"

"ऑफिसच्या वेळेत, आणखी किती वाजता? आणि खरं सांगू का, पहिल्या अपघातानंतर आम्ही तिथं कठडा घालणारच होतो. पण तुमचाच अहवाल आला ना, चालकाचा दोष म्हणून. मग तो विषय मागे पडला."

 म्हणजे तिच्या त्या कागदाने नुसता शिवपुत्र घालवला नव्हता. गौस आणि ते दोन शिक्षक त्याच कागदावरून खाली गेले होते.

शिवपुत्र बिराजदार मूळचा अक्कलकोटकडचा. विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, भाड्याच्या खोलीत राहत होता. परवाना गेल्यावर कारखान्याने काढलं, कोर्टात खटला सुरू झाला. आता तो टॉवेलच्या एका कारखान्यावर रखवालदार होता. सबिहा गेली तेव्हा त्याची बायको दाक्षायणी दारात ज्वारी निवडत होती. सुपावरचा हात न थांबवता तिने विचारलं, "कोन पायजे?"

"मी सबिहा नदाफ. शिवपुत्ररावांना..."

दाक्षायणीचा हात थांबला. नाव तिला पाठ होतं. आत वळून ती कन्नडमध्ये दोन शब्द बोलली आणि सूप उचलून भिंतीकडे तोंड करून बसली.

शिवपुत्र बाहेर आला. फाईलमधल्या फोटोतला भरदार माणूस पार वाळून गेला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी विचारलं. सबिहाला त्याच्या या रीतीनेच जास्त लाजल्यासारखं झालं.

"मी तुम्हाला एकच विचारायला आले," ती म्हणाली. "त्या दिवशी काय दिसलं?"

"सांगितलं व्हतं की तवा."

"पुन्हा सांगा. तेव्हा मी ऐकलं नाही."

तो समोरच्या पायरीवर बसला. "रस्ता दिसला, मॅडम. काळा, सरळ, दोन्ही अंगाला झाडं. डावीकडं नुसता उजेड व्हता, डोळं फुटतील असा. उजेडाच्या कडंनं रस्ता चालला व्हता, म्हनून मी चाललो. मंग रस्ता संपला." त्याने तळहात गुडघ्यांवर घासले. "कोर्टात वकील म्हनला, असं सांगू नका, येडा म्हनत्याल. झोप लागली म्हना, शिक्षा कमी व्हईल. दोन वरसं झाली. आता मलाच वाटतंय, झोप लागली असंल. तीन मानसं मारली मी. रोज सकाळी ती बस चालवतोय मी, अंथरुनात. रोज रस्ता सरळच हाय."

"आणखी एकाला तसाच दिसला," सबिहा म्हणाली. "दहा दिवसांपूर्वी. त्याच्या तपासणीत कसलाही दोष नाही. तुमच्यातही नव्हता. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला यंत्रासमोर बसवलं. हात थरथरत होते तुमचे. ती थरथर मी 'सतर्कता कमी' म्हणून लिहिली."

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दाक्षायणीचा खांदा हलला, पण ती वळली नाही.

"मला उद्या पहाटे तिथं जायचंय. सूर्य उगवताना. तुम्ही बरोबर आलात तर..."

"तुमच्यासाटी न्हाय येनार," शिवपुत्र म्हणाला. "पर मला बगायचं हाय."

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा अजून उठली नव्हती. पहाटे पाचला निघाले तेव्हा पाळण्यांचे दिवे मागे लुकलुकत होते.  ओढ्याजवळून ते पुढे निघून गेले, वैरागला चहा घेतला, आणि पावणेसातला सबिहाने गाडी वळवून पुन्हा सोलापूरकडे धरली. आता ते तसेच येत होते, जसे ते तिन्ही चालक आले होते.

थंडी मरणाची होती. शाळूवर धुकं बसलं होतं. तिने वेग चाळीसवर ठेवला आणि ती मोठ्याने बोलू लागली, कारण असं बोलत राहिलं की लक्ष सुटत नाही, हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती.

"सात वाजून सहा. सूर्य वर आलाय, डाव्या हाताला, शाळूच्या टोकावर. अजून अर्धा किलोमीटर. आता बोर्ड येईल."

बोर्ड आला. पण सूर्य बोर्डाच्या पाठीशी होता, त्यामुळे पिवळं काही दिसलंच नाही. एक काळा चौकोन, बस्स. आणि मग सूर्य थेट वळणाच्या रेषेत आला. पांढरा सिमेंटचा रस्ता, ओढ्याचं धुकं आणि ऊन एकात एक मिसळलं आणि डावीकडची सगळी बाजूच नाहीशी झाली. तिची नजर आपोआप उजेडाकडून सावलीकडे सरकली. सावलीत रस्ता होता. काळा, शांत, चिंचांच्या दोन रांगांमधून जाणारा, खांबामागून खांब पुढे नेणारा. इतका ओळखीचा, की तिला क्षणभर बरंच वाटलं.

"डावीकडे वळण आहे," ती म्हणत होती. "इथे डावीकडे वळायचं आहे. मला माहीत आहे, इथे..."

तोंड बोलत होतं आणि हात सरळ होते.

"मॅडम! डावीकडं! मॅडम!"

मुरमाचा ढीग दोन्ही बाजूंनी निघून गेला. शिवपुत्रने वाकून हँडब्रेक ओढला. गाडी घसरत, फिरत, धूळ उडवत थांबली. धूळ खाली बसली तेव्हा बॉनेटच्या पुढे पंधरा-वीस पावलं डांबर होतं, आणि त्यापुढे ओढ्याची पोकळी.

सबिहाचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. सगळं ठाऊक असून ती आली होती. चाळीसच्या वेगाने, बोलत बोलत, डोळे उघडे ठेवून.

"दिसला की तुमास्नी?" शिवपुत्र तिच्या तोंडाकडे पाहत होता. "सरळ दिसला की न्हाय?"

"दिसला," ती म्हणाली. "सरळ होता."

त्याने दोन्ही हातांत तोंड झाकलं. दोन वर्षांचं रडू होतं ते, आवाज न करता आलेलं. सबिहाने त्याला रडू दिलं. मग तिचं लक्ष आरशाकडे गेलं.

लांबून एक बस येत होती. मोठी, बाहेरगावची, पुढच्या काचेवर हार. दर्शनाला अक्कलकोटला निघालेली असावी. रोजच्या माणसाचे हात सवयीने वळले असते. हा चालक नवखा होता. आणि त्याच क्षणी तिला कळलं की आपल्या गाडीचे मागचे लाल दिवे चालू आहेत. चिंचांच्या रांगेत, बरोबर मधोमध. पुढे गाडी चालली आहे, म्हणजे हाच रस्ता, असं सांगणारे दोन दिवे.

"दिवे!" ती ओरडली आणि किल्ली फिरवली. दिवे विझले. पण बसवाल्याने ते आधीच पाहिले असतील, हे तिला माहीत होतं.

शिवपुत्र केव्हाच दार उघडून बाहेर पडला होता. तो मागे, रस्त्याच्या तोंडाकडे धावत होता. तीही धावली, आपटलेला गुडघा धरून, अंगावरची शाल हलवत, ओरडत. तिचं ओरडणं तिलाच ऐकू येईना. शिवपुत्र मुरमाच्या फुटलेल्या ढिगात पोचला आणि बसकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभा राहिला.

बसची काच उन्हाने पेटल्यासारखी दिसत होती. चालकाचा चेहरा दिसत नव्हता. साठचा वेग असला तर बस एका सेकंदात किती मीटर जाते, माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत किती, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत किती, हे ती चोवीस वर्षं फळ्यावर लिहीत आली होती. नको असताना तिचं डोकं हिशेब करत राहिलं. बसचा वेग कमी होत नव्हता. हिशेब संपला. आता थांबणं शक्य नव्हतं.

"बाजूला व्हा! शिवपुत्र, बाजूला!"

तो हलला नाही.

शेवटच्या क्षणी बसने डावीकडे अंग टाकलं. टायर किंचाळले, आत माणसं किंचाळली. पुढचं तोंड पांढऱ्या उजेडात घुसलं आणि मागचा भाग उजवीकडे फेकला जाऊन शिवपुत्रच्या खांद्याला लागला. तो उडून चिंचेच्या बुंध्याशी पडला. बस नव्या रस्त्याच्या कडेला दोन चाकं उतरून कलली, हेलकावली, आणि उभी राहिली.

माणसं खिडक्यांतून, दारातून खाली उतरू लागली. बायका, म्हातारी, कडेवरची पोरं. कुणाचं नाक फुटलं होतं, कुणाचं कपाळ. सगळी जिवंत होती. चालक सर्वांत शेवटी उतरला. तो जुन्या रस्त्याकडे बघत होता.

"इथं सरळ रस्ता होता," तो कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. "आत्ता होता. कुठं गेला?"

सबिहा शिवपुत्रजवळ बसली. त्याचा श्वास चालू होता. उजवा हात खांद्यापासून भलत्याच कोनात पडला होता. दगडाबाई खोपटातून घोंगडं घेऊन आली आणि तिने ते त्याच्यावर टाकलं. बघता बघता सूर्य शाळूच्या वर चढला, आणि सात वाजून वीस मिनिटांनी वळण पुन्हा तिथेच होतं, स्वच्छ, पांढरं, बाणासकट.

एक्केचाळीस माणसं होती त्या बसमध्ये. बातमी सगळीकडे गेली आणि जे दोन वर्षांत झालं नव्हतं ते आठ दिवसांत झालं. जुन्या रस्त्याचं तोंड काळ्या-पिवळ्या भिंतीने बुजवलं, खांब हलवले. शिवपुत्र महिनाभर दवाखान्यात होता. हात वाचला, पण खांद्याच्या वर जाईना. गाडी तो पुन्हा चालवणार नव्हता.

सबिहाने भिंतीवरचं वाक्य स्वतः काढलं. मग नवा अहवाल लिहिला. जानेवारीतले काही आठवडे, रोजची दहा-बारा मिनिटं, सूर्य वळणाच्या रेषेत. नवा रस्ता दिसेनासा होतो. नजर जुन्या रस्त्यामागे जाते. चालकाचा दोष नाही. एक प्रत कोर्टाला गेली, एक पोलिसांना. एक घेऊन ती स्वतः विडी घरकुलात गेली.

दाक्षायणीने या खेपेला तोंड फिरवलं नाही. कागद हातात घेऊन ती दारातल्या उजेडात बसली आणि एकेक शब्दावर बोट ठेवून तिने तो सगळा वाचला. शिवपुत्र आत खाटेवर बसून होता. वाचून झाल्यावर तिने बोट एका ओळीवर नेलं.

"हितं लिवलंय, 'पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता.'"

"हो."

"कुनाचा?"

"माझा," सबिहा म्हणाली.

"तवाच्या कागदावर ह्येंचं नाव व्हतं," दाक्षायणी म्हणाली. "मोट्या अक्षरात. शिवपुत्र बिराजदार, चालकाचा दोष. पेपरात बी तसंच आलं. मंग ह्यावर तुमचं का न्हाय?"

आतून शिवपुत्र म्हणाला, "जाऊ दे की आता."

"का जाऊ दे?"

सबिहाने पर्समधून पेन काढलं. कागद गुडघ्यावर ठेवून त्या ओळीनंतर तिने लिहिलं: 'तो निष्कर्ष मी, सबिहा महबूब नदाफ, हिने काढला. चालकाचं म्हणणं मी तपासलं नाही. त्या निष्कर्षामुळे कठडा झाला नाही आणि पुढे तीन माणसं मेली.' खाली सही केली. संध्याकाळी तिने कोर्टात आणि पोलिसांकडेही तशीच दुरुस्ती पाठवली. हे आपल्या अंगावर येणार हे तिला माहीत होतं. पण कसं येणार, ते कळलं नव्हतं.

ते सोमवारी कळलं. दुरुस्ती वर्तमानपत्रात छापून आली होती. सकाळी साडेनऊला ती नेहमीप्रमाणे आली तेव्हा जिन्यावर माणसं बसली होती. खालच्या पायरीपासून वरच्या दारापर्यंत. तिला वाटलं, चालकांचा वर्ग आज आहे का? पण यांत बायका जास्त होत्या. मोहोळकडच्या, माढ्याकडच्या, शहरातल्या. म्हातारी माणसं. कुणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद, कुणाच्या हातात फ्रेममधून काढून आणलेला फोटो. कुणी ओरडलं नाही, कुणी वाट अडवली नाही. ती चढू लागली तसे सगळे भिंतीला सरकून बसले. तिच्या चोवीस वर्षांच्या कपाटात सहाशेच्या वर फाईली होत्या, आणि त्यांतल्या किती खऱ्या होत्या हे आज तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिने कुलूप उघडलं, खिडकी उघडली. मग दारात येऊन उभी राहिली.

"पहिलं कोण आलंय?"

सर्वांत वरच्या पायरीवरचा एक म्हातारा काठी टेकत उठला. बाजूचे लोक त्याला अण्णाराव म्हणत होते. अक्कलकोटच्या पुढच्या एका गावाहून पहाटेच्या गाडीने आला होता. त्याने धोतराच्या सोग्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. कागदावर तिची सही होती, पंधरा वर्षांपूर्वीची. नाव वाचून तिला काहीच आठवलं नाही.

"माजा ल्योक," म्हातारा म्हणाला. "तो बी सांगत व्हता, बाई, तुमास्नी कायतरी. काय सांगत व्हता?"

सबिहाने कागद घेतला, त्याला आधी खुर्चीत बसवलं, आणि कपाटाकडे वळली.